मान दुखते म्हणून सायकल सोडायची?

परवा सकाळी हरिपूरच्या रस्त्याला आमचे एक जुने सहकारी भेटले. वीस-बावीस वर्षं आम्ही एकाच स्टाफरूममध्ये डबे खाल्ले. ते गणित शिकवायचे, मी मराठी आणि इतिहास. शाळेत यायचे ते कायम सायकलवर, पँटच्या पायाला क्लिप लावून. निवृत्तीनंतरही रोज सकाळी सांगलीतून निघून हरिपूरच्या संगमापर्यंत त्यांची फेरी ठरलेली. परवा मात्र चालत होते.

"काय सर, पंक्चर का?"

"नाही हो. सायकल देऊन टाकली. भाच्याच्या मुलाला."

"का बरं?"

"मान," म्हणाले, आणि मानेमागे हात नेऊन दाखवला. "डॉक्टर म्हणाले, वय झालं, आता सायकल बंद. केली बंद. संगमापर्यंत चालणं काही होत नाही, त्यामुळे इथूनच मागे फिरतो."

मी "बरं बरं, जपा" असं काहीतरी पुटपुटलो आणि पायडल मारत पुढे आलो. पण घरी येईपर्यंत चैन पडेना. कारण काही वर्षांपूर्वी मीही अगदी याच टोकावर येऊन पोचलो होतो, आणि ज्यामुळे वाचलो ते त्यांना सांगायचं सोडून मी "जपा" म्हणून निघून आलो! जे तिथे रस्त्यावर बोलायला हवं होतं ते आता इथे लिहितोय. लांबण लागेल, पण तुम्हाला माझ्या लांबणीची सवय आहेच.

माझी जुनी काळी बावीस इंची सायकल २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात चार-पाच दिवस पाण्याखाली होती. सांगलीकरांना त्या पुराबद्दल वेगळं सांगायला नको. पाणी उतरल्यावर मी ती पुसली, तेल घातलं, छर्रे बदलले, आणि पुढे दोन वर्षं ती कुरकुरत चालवली. ती कुरकुर चिरंजीवांना ऐकवेना. २०२१ च्या दिवाळीत त्यांनी गिअरची, हलकी, निळ्या रंगाची सायकल दारात आणून उभी केली. एका हाताने उचलता येते अशी! मी सत्तरी ओलांडलेला माणूस, पण खरं सांगतो, त्या दिवशी चार वेळा खाली जाऊन बघून आलो.

महिन्याभरात मान दुखायला लागली. निघाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी मानेच्या मुळाशी एक रग लागायची, मग ती खांद्याच्या फऱ्यापर्यंत उतरायची, आणि घरी येईपर्यंत डोक्याच्या मागच्या भागात ठणका. मागून गाडी येतेय का हे बघायला मान वळवावी तर ती वळेना. हे दुखण्यापेक्षा भयंकर. मुलाला मात्र फोनवर सांगत होतो की सायकल म्हणजे लोणी आहे नुसती.

मग डॉक्टर, मग एक्स-रे. मणक्यांची झीज. "आता या वयात सायकल कशाला काका? वॉक घ्या." गळ्यात पट्टा आला. तीन आठवडे मी तो पट्टा घालून फिरलो. मान बरी झाली नाहीच, उलट लाकडासारखी ताठ झाली. सायकल जिन्याखाली गेली, तिच्यावर जुनी चादर आली.

इथे माझं पहिलं म्हणणं मांडतो. सत्तरीच्या कुणाही माणसाच्या मानेचा एक्स-रे काढा, झीज दिसणारच. ज्यांची मान आयुष्यात कधी दुखली नाही त्यांच्याही मानेत दिसते. केस पांढरे होतात तशी मणक्यांची झीज होते. मग ती दिसली म्हणून दुखण्याचं कारण सापडलं असं कसं म्हणायचं? माझी झीज काही त्या दिवाळीत सुरू झाली नव्हती. दिवाळीत बदलली होती ती सायकल. इतकं साधं मला सुचलं नाही, डॉक्टरांनी विचारलं नाही. "तुमची सायकल कशी आहे हो?" हा प्रश्न त्या सगळ्या तपासणीत एकदाही आला नाही.

तो प्रश्न शेवटी विचारला आमच्या सायकल मिस्त्रीने. चार महिने सायकल पडून होती, म्हणून विकली तर काय येतील हे विचारायला मी ती त्याच्याकडे नेली. त्याने किंमत सांगायच्या आधी मला सीटवर बसवलं, एक हात भिंतीला टेकवायला लावला, आणि स्वतः चार पावलं मागे जाऊन बाजूने बघत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, ही सायकल तुमची न्हाई. तुमच्या पोराची हाय."

खरंच होतं ते. चिरंजीव माझ्यापेक्षा चार बोटं उंच, हातही लांब. दुकानात स्वतः बसून बघून, त्याला बरी वाटली म्हणून आणलेली. मी तिच्यावर बसलो की हँडल गाठण्यासाठी पालथा पडल्यासारखा व्हायचो.

आता त्याने मानेवर काय होतं ते बघा. खुर्चीत बसला असाल तर आत्ताच करून बघा. कमरेतून पुढे वाका, हात समोर लांब करा, छाती गुडघ्यांकडे येऊ द्या. आता मान न उचलता समोर काय दिसतं? फरशी. पण रस्त्यावर तर समोरचं दिसायला हवं. म्हणून हनुवटी वर करून समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा. तसंच धरून ठेवा. दोन मिनिटं झाली की मानेमागे जी रग लागेल ना, तीच ती.

माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. ताठ बसलं की ते सात मणक्यांच्या चवडीवर नीट तोललं जातं, पाण्याची घागर डोक्यावर सरळ असली की जड वाटत नाही तसं. पण धड पुढे वाकलं की तो तोल जातो, आणि डोकं वर धरायचं सगळं काम मानेमागच्या आणि खांद्यांवर उतरणाऱ्या स्नायूंवर येतं. फेरी संपेपर्यंत त्यांना क्षणाची सुट्टी नाही. त्यात आपल्याकडचे खड्डे आणि गतिरोधक. प्रत्येक धक्क्याला ते पाच किलोचं डोकं खाली आदळू पाहतं आणि ते बिचारे स्नायू त्याला झेलतात.

हे म्हातारपणाचं दुखणं आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत 'रेस अक्रॉस अमेरिका' नावाची एक शर्यत असते, एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे पाच हजार किलोमीटर. १९८३ च्या शर्यतीत मायकेल शर्मर या स्पर्धकाच्या मानेचे स्नायू इतके थकले की त्याला डोकं वर धरवेना. तरुण, कसलेला माणूस! तेव्हापासून या अवस्थेला 'शर्मर्स नेक' असं नावच पडलं. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ साली ही शर्यत एकट्याने पूर्ण केली, त्यांच्या मानेला माझा साष्टांग नमस्कार. सांगायचा मुद्दा, किती वेळ आणि किती वाकून बसता याचा हा हिशेब आहे. आपण हरिपूरला जातो, शर्यतीला नाही. तर त्या शर्यतवाल्यांसारखं वाकायचं कशाला?

मिस्त्रीने काय केलं ते जरा सविस्तर सांगतो, कारण खरा उपाय तिथेच आहे. नव्या सायकलींत हँडल नुसतं ओढून वर घेता येत नाही. हँडल ज्या आडव्या तुकड्याने पकडलेलं असतं त्याला स्टेम म्हणतात. त्याने माझा लांब, सपाट स्टेम काढून आखूड आणि वर चढणारा बसवला, आणि सरळ दांडीऐवजी टोकं मागे वळलेलं हँडल लावलं. हँडल सीटपेक्षा चांगलं दोन बोटं वर आलं आणि वीतभर माझ्याकडे सरकलं. जुन्या पद्धतीच्या सायकलीत हे काम आणखी सोपं असतं. वरचा बोल्ट सैल करून हँडलचा दांडा वर घ्यायचा. त्या दांड्यावर एक खूण असते, तिच्यापलीकडे मात्र वर ओढायचं नाही, नाहीतर हँडल हातात येईल आणि मानेच्या जागी दात दुखतील. हे घरी न करता मिस्त्रीकडूनच करून घ्या.

सीटचं नाक खाली झुकलेलं होतं. त्यामुळे मी सतत पुढे घसरत होतो आणि सगळा भार तळहातांवर, म्हणजे पर्यायाने खांद्यांवर. त्याने सीट सपाट केली. मी म्हटलं, सीटच पुढे घेऊ या की आणखी. तर म्हणाला, "मग गुडघं वरडतील." एका ठिकाणचं दुखणं दुसरीकडे ढकलायचं नाही हे त्याला कळत होतं. चाकांतली हवा जरा कमी केली. मी आपला टणटणीत भरून घ्यायचो, जुनी सवय. हवा फार असली की रस्त्यावरचा प्रत्येक खडा थेट मानेपर्यंत पोचतो.

या सगळ्याचा खर्च त्या एक्स-रे, पट्टा आणि गोळ्यांपेक्षा कमी झाला. मी हँडल बघून क्षणभर हिरमुसलो हेही कबूल करतो. माझी ती देखणी निळी सायकल आता दूधवाल्याच्या सायकलीसारखी दिसायला लागली होती. मिस्त्रीला तसं म्हणालो. तो म्हणाला, "दूधवाला दिसभर सायकल मारतो, मास्तर. त्याची मान दुखती का इचारा."

पण एवढ्यावर सगळं संपलं नाही. मान ऐंशी टक्के सुटली, वीस टक्के राहिली. तो उरलेला गुंता मी स्वतः सोडवला आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. चष्मा! माझा चष्मा अरुंद फ्रेमचा, खाली वाचायचा भाग असलेला. पुढे वाकलं की नजर काचेच्या अगदी वरच्या काठातून जाते. घामाने चष्मा नाकावरून घसरला की फ्रेमची वरची कड नेमकी रस्त्याच्या आडवी येते. मग काय, नकळत हनुवटी आणखी वर. मी नुसत्या लांबच्या नंबरचा, उंच काचांचा, साध्या फ्रेमचा दुसरा चष्मा केला आणि त्याला मागून दोरी लावली. ही म्हणते की त्यात मी १९७५ सालचा दिसतो. दिसू दे. हेल्मेटचीही तीच गत होती. ते कपाळावर फार खाली ओढलेलं, वर त्याला चोच. भुवयांच्या वर दोन बोटं जागा राहील असं बसवलं, चोच काढून टाकली. हेल्मेट मात्र काढायचं नाही हं.

आणि सवयी. मी हँडल असं आवळून धरायचो की जणू कुणी ते पळवून नेणार आहे. कोपरं ताठ, खांदे कानांना लागलेले. कोपरं किंचित वाकलेली, सैल असली की धक्का तिथेच मुरतो. आता शिट्टी वाजवत जातो. शिट्टी वाजवताना माणसाला खांदे आवळता येत नाहीत असा माझा अनुभव आहे. खांद्याला लटकवलेली भाजीची पिशवी मागे कॅरिअरवर गेली. हँडलच्या उजव्या टोकाला छोटा आरसा लावला, त्यामुळे दर मिनिटाला मान पिरगाळावी लागत नाही. वळताना मात्र आरशावर विसंबत नाही, थांबून बघतो. आणि अर्ध्या वाटेत एका झाडाखाली पाय टेकतोच. दोन्ही खांदे वर उचलून सोडायचे, पाच-सहा वेळा. मान सावकाश डावीकडे, सावकाश उजवीकडे. घोटभर पाणी. रग लागल्यावर थांबण्यापेक्षा लागायच्या आधी थांबलेलं बरं.

मिरजेच्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीने (माझ्या नातीच्या वयाची, पण दरारा असा की मीच विद्यार्थी झालो) दोन व्यायाम दिले, ते अजून करतो. एक म्हणजे ताठ बसून, मान वर-खाली न करता हनुवटी सरळ मागे न्यायची, दुहेरी हनुवटी करतात तशी. पाच आकडे मोजायचे, सोडायची. दहा वेळा. दुसरा, दोन्ही खांद्यांचे फरे मागे एकमेकांकडे आणायचे आणि सोडायचे. बस्स. मान गरागरा फिरवायची नाही असं तिने मला बजावलं. पट्टाही तिनेच काढायला लावला. हलवलं नाही तर स्नायू आणखी दुबळे होतात म्हणाली. दुखेल तेव्हा गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, दोन-चार दिवस सायकल बंद, पण हालचाल चालू. पुन्हा सुरुवात करताना पहिला आठवडा फक्त दहा मिनिटं. मी पंधरा केली आणि बोलणी खाल्ली.

आता मी डॉक्टरांच्या विरुद्ध लिहितोय असं कुणी समजू नका. मान दुखण्याबरोबर हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील, कपबशी हातातून सुटत असेल, शर्टाची बटणं लावणं जड जात असेल, चालताना तोल जात असेल, तर हँडल-बिंडल राहू द्या, आधी डॉक्टर गाठा. पडल्यानंतर मान दुखायला लागली किंवा दुखण्याबरोबर ताप असेल तरी तेच. आणि सायकल मारताना छातीत दडपण येऊन मान, जबडा, डावा हात भरून येत असेल तर ती मान नव्हेच, हृदय असू शकतं. तिथे एक मिनिटही घालवायचं नाही. अशा वेळी या मास्तरचा ब्लॉग वाचत बसू नये.

माझी तक्रार आहे ती "या वयात" या दोन शब्दांशी. ते शब्द उच्चारले की पुढचा सगळा विचार करायची गरज उरत नाही. बूट चावला तर कुणी पाय तपासत बसत नाही, बूट बदलतात. दुकानदार गिअर किती ते सांगतो, पण गिऱ्हाइकाला सीटवर बसवून बाजूने बघत नाही. मुलं प्रेमापोटी महागातली सायकल आणतात. बापाचा सदरा शिवायचा तर माप घेतील, सायकलीचं माप घेत नाहीत. आणि आम्ही म्हातारे तरी काय कमी? मुलाला वाईट वाटेल म्हणून चार महिने मी खोटं बोललो. शेवटी त्याला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बाबा, आधी का नाही बोललात?" याला उत्तर नव्हतं.

आमच्या हिचं म्हणणं वेगळं आहे आणि ते मी मोडीत काढत नाही. ती म्हणते, मानेचं सोडा, पडलात तर? बरोबर आहे. या वयातलं हाड (बघा, आलेच ते दोन शब्द माझ्याही तोंडात) लवकर जुळत नाही. म्हणून आमचा करार झालाय: साडेआठच्या आत घरी, गावातल्या गर्दीत सायकल नाही, पावसात नाही. ती अट मी पाळतो. बहुतेक वेळा.

पण त्या चार महिन्यांत काय काय गेलं ते मला आठवतं. चालत जाऊन चालत येण्याच्या टप्प्यात जेवढं जग बसतं तेवढंच उरलं होतं. संगमेश्वराचं देऊळ त्यात बसत नव्हतं, कृष्णा-वारणेचा संगम बसत नव्हता, वाटेतल्या वीटभट्ट्या नाहीत, मिरजेचा मित्र तर नाहीच. कुणी रिक्षाने सोडलं तर जायचं. दुसऱ्याला वेळ असेल तेव्हा आपल्याला जायची इच्छा व्हायला हवी, असं काहीतरी उलटंच गणित. आमचे सर गणिताचे. त्यांना हे माझ्याआधी कळलं असणार, म्हणूनच परवा त्यांचा चेहरा तसा होता.

त्यांच्या सायकलीचं हँडल कसं होतं ते मी आठवून बघतोय. मागच्या वर्षी त्यांनीही नवी घेतली होती एवढं नक्की.

काल त्यांना फोन केला. रविवारी सकाळी येऊ का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "या की सर, नाश्त्यालाच या." मिस्त्रीलाही विचारून ठेवलंय, तो दहानंतर मोकळा आहे. भाच्याच्या मुलाकडून सायकल दोन दिवसांसाठी परत कशी मागायची, एवढंच अजून सुचलेलं नाही.